काडतुसाचे वंगण

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर देवनहळ्ळीचा दगडी किल्ला आहे. १७४९ मध्ये म्हैसूरच्या सैन्याने या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा हैदर अलीचे नाव प्रथम पुढे आले; पुढच्याच वर्षी टिपूचा जन्म याच गावी झाला. या पितापुत्रांच्या फौजेचे विख्यात अस्त्र म्हणजे बाण. मराठी फौजांनाही बाण आणि बाणदार अपरिचित नव्हते. परंतु म्हैसूरच्या बाणाचे सामर्थ्य त्याच्या वीतभर लांबीच्या लोखंडी नळीत होते. कागदी वेष्टनाहून लोखंड अधिक दाब सोसते, म्हणून हा बाण दूरवर जाई. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर असे बाण इंग्लंडात गेले आणि विल्यम काँग्रीव्ह याने त्यांवरून आपले अग्निबाण सिद्ध केले.

दारूचे आवरण धातूचे असावे, हा धडा बाणाने असा शिकविला; बंदुकीच्या काडतुसाला तो गिरविण्यास मात्र आणखी बराच काळ लागला. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानात आली, तेव्हा तिचे काडतूस कागदाचेच होते. त्या सुरळीच्या एका टोकास दारू व दुसऱ्या टोकास गोळी असे. नळीच्या आतील पेचदार खाचांतून गोळी तोंडाकडून खाली ठासता यावी, म्हणून गोळीच्या बाजूच्या कागदास चरबी व मेण यांचे वंगण लावीत. दातांनी तोडावयाचे ते दारूचे टोक. पण चरबी कोणत्या जनावराची, या साध्या प्रश्नाचे निःशंक उत्तर देण्याची सोय सरकारने ठेवली नव्हती.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील डमडम येथे ही शंका उघडपणे बोलली जाऊ लागली. महिनाअखेरीस सरकारने आज्ञा काढली की, काडतुसे वंगणावाचून द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. कारखान्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. परंतु फेब्रुवारीत बंगालमधील बेऱ्हामपूर येथील १९ व्या पलटणीस काडतुसांच्या कागदाचाच संशय आला. पुढे दातांऐवजी हातांनी काडतूस तोडण्याची रीत सुरू झाली, तरीही २४ एप्रिल रोजी मीरत येथे ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. ती काडतुसे तर जुन्या, ओळखीच्या पद्धतीची होती. ९ मे रोजी भर कवायतीत त्या स्वारांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मीरत पेटले. उठावामागे राज्ये खालसा करण्यापासून अनेक कारणे होती. मात्र त्या साऱ्या असंतोषाला बोट दाखविण्याजोगी वस्तू काडतुसाने दिली. याच सुमारास कोकणातील वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतातही काडतुसांची ही वार्ता आली आहे.

दशकभरातच कागदी काडतुसाचे दिवस सरले. १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफलीसाठी बॉक्सर याने पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस केले. पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. पत्र्याची गुंडाळी बंदुकीत अडकून बसे, म्हणून पुढे अखंड पितळेची पुंगळी आली. साधारणतः ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेल्या या पितळेची चकती टप्प्याटप्प्याने साच्यांतून ओढून लांबवितात आणि मधून मधून तापवून मऊ करतात.

येथे वंगण पुन्हा येते, पण वेगळ्या कामासाठी. झाडलेली पुंगळी फुगते. ती पुन्हा भरावयाची तर साच्यात दाबून मूळ मापास आणावी लागते, आणि वंगणावाचून ती साच्यातच रुतून बसते. याकरिता वापरले जाणारे एक वंगण मेंढीच्या लोकरीतून निघते. मात्र माप साधले की ते राहू देता कामा नये. बार उडताच पितळ फुगून नळीच्या कोठ्यास घट्ट धरते आणि धक्क्याचा काही भार स्वतः घेते. पुंगळी तेलकट असली की पकड सुटते व सारा धक्का मागील अडसरावर येतो. वंगण आत झिरपले तर दारू व ठिणगीची टोपी निकामी होते. म्हणून कोणी पुंगळ्या साबणाच्या ऊन पाण्याने धुऊन पूर्ण वाळवितात, तर कोणी मक्याच्या कणसांच्या किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात घोळवितात. इटलीच्या १९३० सालच्या ब्रेडा मशिनगनीत काडतुसांना तेल लावण्याचीच योजना होती. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात त्या तेलाला धूळ चिकटून ती बंदूक अडू लागली.

वंगण एका पायरीवर आवश्यक आणि पुढच्या पायरीवर घातक असते. ते कधी पुसावे हे कारागीर जाणतो. १८५७ च्या राज्यकर्त्यांनीही वंगण काढले होते. परंतु ते काय होते, हे शिपायांनी विचारण्यापूर्वीच त्यांना सांगितले गेले नव्हते. म्हणून कागद कोरा झाला, तरी त्यावरचा संशय पुसला गेला नाही.