चांदीयुक्त व्रणपट्टी

चांदीयुक्त व्रणपट्टी : जखमेवर चांदीचे आयन (विद्युत् भारित अणू) सावकाश सोडून सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणारी पट्टी. ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले. त्याच दशकात भाजलेल्या जखमांसाठी 0.5 टक्के सिल्व्हर नायट्रेटाचे द्रावण (1965) व सिल्व्हर सल्फाडायझिनाचे मलम (1968) पुढे आले. आजच्या पट्टीत स्राव शोषणारा फेस किंवा समुद्रशैवालापासून मिळणारे अल्जिनेट तंतू पायाभूत असून चांदी त्यांत मिसळलेली असते. हे आयन जंतूंची प्रथिने, पेशीपटल व डीएनए यांवर एकाच वेळी आघात करीत असल्याने, एखाद्या प्रतिजैविकाला दाद न देणारे जंतू, उदा., ब्रिटनमध्ये 1961 मध्ये प्रथम नोंदलेला मेथिसिलीन-रोधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्यांना बळी पडू शकतात (पहा : प्रतिजैविके, जंतुरोध). चांदीलाही रोध निर्माण होतो : बोस्टनमधील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात आढळलेल्या सिल्व्हर नायट्रेट-रोधी साल्मोनेलाची नोंद 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. जंतूंनी स्वतःभोवती चिकट थर (जैवपटल) रचला असल्यास आयन आत कमी पोहोचतात, म्हणून मृत ऊतक आधी काढावे लागते. संसर्ग खोलवर किंवा रक्तात पसरल्यास ही पट्टी केवळ पूरक ठरते. नव्या त्वचापेशींनाही चांदी बाधक असल्याने स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर तिचा दीर्घ वापर टाळतात.