पिवळा गुलाब आणि आपला पाऊस

जुलैचा दुसरा आठवडा उलटला की पुण्यात पिवळ्या गुलाबाची पानं गळायला लागतात. आधी पानावर एक काळा ठिपका उमटतो. त्याची कड सरळ नसते, टीपकागदावर शाई फुटावी तशी ती चहूकडे पसरलेली असते. मग ठिपक्याभोवतीचं पान पिवळं पडतं आणि नुसता हात लागला तरी सुटून खाली येतं. ऑगस्ट अखेरपर्यंत झाडाच्या नुसत्या काठ्या उरतात. शेजारच्या कुंडीत सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेला गावठी गुलाब आहे. तोही त्याच पावसात भिजतो, पण त्याची पानं टिकून असतात.

तरीही नर्सरीत गुलाब घ्यायला आलेल्या माणसाचा हात आधी पिवळ्याकडेच जातो, आणि त्यात नवल नाही. तो रंग आहेच तसा. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, हा रंग आपल्या बागेत कुठून आला ते कुणीतरी त्याला सांगायला हवं.

अठरावं शतक संपेपर्यंत युरोपातल्या बागांमध्ये मुख्यतः गुलाबी, पांढरे आणि गडद तांबडे गुलाब होते. त्यातले बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. वरचेवर बहर धरायचा गुण आला तो चीनच्या गुलाबांकडून, आणि ती झाडं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून गेली. काही तर वाटेत कलकत्त्याला कंपनीच्या वनस्पती उद्यानात थांबून पुढे गेली. म्हणून फ्रेंच माळी या चिनी झाडांना बंगालचे गुलाब म्हणत. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, शेताच्या कुंपणाला चिनी आणि दमास्क असे दोन्ही गुलाब लावलेले असत. तिथे त्यांचा आपोआप संकर झाला. 1817 च्या सुमारास तो एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या नजरेस पडला आणि त्याचं बी फ्रान्सला गेलं. त्याच घराण्यातला एडवर्ड गुलाब आजही उत्तर भारतात खुंट म्हणून वापरतात. वर कलम कुठलंही असो, जमिनीत पाय त्याचे.

या सगळ्यात गडद पिवळा कुठेच नव्हता. चीनकडून आलेला पिवळा अगदी फिका होता. खरा, हळदीसारखा पिवळा होता तो इराणकडच्या एका काटेरी झुडपाचा. पण ते वर्षातून एकदाच फुलायचं आणि संकराला सहसा दाद द्यायचं नाही. फ्रान्समध्ये लियाँ शहरातल्या जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी त्याचा पिच्छा पुरवला. परागकण धरायचे, बी रुजवायचं, आलेली रोपं तपासायची, बहुतेक टाकून द्यायची, असं कित्येक हंगाम चाललं. अखेर 1900 साली त्यांनी ‘सोलेय दोर’ बाजारात आणला. आज नर्सरीत दिसणारे बहुतेक गडद पिवळे, केशरी आणि ज्वाळेच्या रंगाचे गुलाब याच वंशातले.

रंगाबरोबर दुखणंही आलं. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सलग सातएक तास ओलं लागतं. इराणच्या कोरड्या हवेत वाढलेल्या त्या झुडपाला अशा ओलीशी झुंजायची वेळच फारशी आली नसावी. त्याच्या पानात ती ताकद नाही, आणि हा दुबळेपणा रंगाच्या सोबतीने वंशात उतरत गेला. आपल्याकडे श्रावणात पान सात तास नव्हे, सात दिवस ओलं राहतं.

पेर्ने-द्युशे यांचे दोन्ही मुलगे पहिल्या महायुद्धात मारले गेले. युद्ध संपल्यावर त्यांनी दोघांच्या नावाने दोन गुलाब काढले. त्यातला क्लॉदियुसच्या नावाचा, 1920 सालचा, पिवळा होता. फ्रांसिस मेयाँ यांनी 1935 साली ज्या संकरातून आपला प्रसिद्ध गुलाब मिळवला, त्याच्या पूर्वजांमध्ये हा क्लॉदियुसचा गुलाब आहे. दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमारास मेयाँ यांच्या या नव्या गुलाबाचे कलमासाठीचे डोळे परदेशी रवाना झाले, आणि 29 एप्रिल 1945 रोजी कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे त्याचं ‘पीस’ असं नामकरण झालं. बर्लिन तेव्हा पडायच्या बेतात होतं. पिवळ्या पाकळीला गुलाबी कड असलेलं ते मोठं फूल पुण्यातल्या प्रदर्शनात पाहते, तेव्हा त्या लियाँच्या बापाची आठवण मला हटकून होते. एका युद्धात गेलेल्या पोराच्या नावाच्या झाडाचा वंश दुसऱ्या युद्धाच्या शेवटी शांततेचं नाव घेऊन उभा राहिला. गुलाबाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

आपल्या हवेसाठी गुलाब आपणच तयार करायला हवेत, हे ओळखून कामाला लागलेल्यांमध्ये डॉ. बी. पी. पाल यांचं नाव मी सर्वांत आधी घेईन. तांबेरा रोगाला तोंड देणारे गहू त्यांनी काढले, 1965 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले, आणि हे सगळं सांभाळून दिल्लीत गुलाबांचे संकर करत राहिले. ‘रोझ शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’ ही त्यांची झाडं. पिकावरच्या रोगाला तोंड देणारे वाण ज्यांनी घडवले, त्यांनी गुलाबाकडे वळावं हे मला फार मोलाचं वाटतं. पण आमच्याकडच्या नर्सऱ्यांत ही नावं ऐकू येत नाहीत. तिथे ‘लाल’, ‘पिवळा’, ‘दुरंगी’ एवढ्यावर भागतं. नाव गेलं की त्या झाडामागची पारखही जाते.

उरुळी कांचनकडे डोळे भरून गुलाबाची कलमं करणारे एक माळीमामा आहेत. हिवाळ्यात त्यांच्या शेजारी बसून मी हे काम पुष्कळ पाहिलं आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल हलक्या हाताने उचलायची, त्यात डोळा सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायचा. डोळ्याचं तोंड तेवढं उघडं ठेवायचं. बोलता बोलता त्यांचा एक डोळा बांधून होतो. “लाल ग्लॅडिएटर आपल्याकडं शेतात निघतो, ताई,” ते म्हणतात, “पिवळा हौसेचा. गिऱ्हाईक मागतंय, म्हणून भरतो.”

आपल्या हवेत टिकेल अशा गुलाबाच्या प्रश्नाला कोडाईकनालला एम. एस. वीरराघवन यांनी वेगळीच बाजू दिली. आयएएसची नोकरी सोडून त्यांनी भारतातल्याच रानगुलाबांपासून संकर सुरू केले. एक मणिपूरच्या डोंगरातला भलामोठा वेल, रोझा जायगँटिया. दुसरा रोझा क्लिनोफायला, नदीकाठचा, पावसाळ्यात मुळं पाण्यात बुडाली तरी तग धरणारा. त्यांच्या पिवळ्या वेलगुलाबाचं नाव ‘गोल्डन थ्रेशोल्ड’, सरोजिनी नायडूंच्या हैदराबादच्या घरावरून ठेवलेलं. असे गुलाब कोपऱ्यावरच्या नर्सरीत सहज मिळायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तोवर ज्याला पिवळाच हवा, त्याने तो सकाळचं ऊन मिळेल अशा जागी लावावा, दोन झाडांमध्ये वारा खेळेल इतकं अंतर ठेवावं आणि पाणी बुंध्याशी द्यावं, पानांवर नव्हे. ठिपक्यांची गळलेली पानं कुंडीत कुजू न देता रोज वेचून टाकावीत, कारण पुढची लागण तिथूनच होते. ऑक्टोबरात पाऊस सरला की छाटणी करून शेणखत आणि निंबोळी पेंड घालावी. दीडएक महिन्यात नव्या फुटीवर कळ्या येतात, आणि त्या हंगामात पानही स्वच्छ असतं.