दीड हजार ते पंचवीस हजार: लोकलच्या तारेतलं गणित

शाळेत आपण दोन सूत्रं पाठ केली. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, आणि व्होल्टेजला करंटने गुणलं की शक्ती, म्हणजे वॅट. परीक्षा संपली आणि सूत्रं विसरलो. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या माणसाचं रोजचं जाणं-येणं शंभर वर्षं याच दोन सूत्रांवर चाललंय. आज तोच इतिहास पाहू.

3 फेब्रुवारी 1925. व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे भारतातली पहिली विजेची गाडी सुटली. तारेत 1500 व्होल्ट, डीसी. 5 जानेवारी 1928 रोजी पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या, त्याही 1500 व्होल्टवरच.

आता गंमत बघा. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 पासून चालू होतं, आणि तिथून मुंबईला वीज यायची ती सुमारे 1 लाख व्होल्टने. मग लाखाची वीज रुळापाशी येऊन दीड हजारावर का उतरवली? त्या काळच्या इंजिनिअरांना गणित कळत नव्हतं का?

चांगलं कळत होतं. करंट आणि रोधाचा नियम ओहमने 1827 सालीच मांडला होता. तारेत किती उष्णता वाया जाते ते जूलने 1841 मध्ये सांगितलं: करंटचा वर्ग गुणिले रोध. यातला 'वर्ग' हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अडचण मोटरची होती. जड गाडी जागेवरून ओढायला सर्वांत भरवशाची होती ती डीसी सिरीज मोटर. एसीचं डीसी करणारी यंत्रं तेव्हा मोठी आणि अवजड, ती सबस्टेशनच्या इमारतीतच बसायची, डब्याखाली मावत नव्हती. मोटरला सोसेल एवढंच व्होल्टेज तारेत ठेवणं भाग होतं. म्हणजे 1925 चा निर्णय त्या काळापुरता बरोबरच होता. पुढे बदललं ते उपनगर.

गाड्या लांब झाल्या, नऊ डबे, मग बारा डबे, आणि त्याही तीन-चार मिनिटांना एक. हिशोबासाठी गोल आकडे घेऊ. समजा एका गाडीला सुटताना 30 लाख वॅट लागतात. 1500 व्होल्टवर करंट होतो 2000 अँपिअर. सबस्टेशनपासून गाडीपर्यंत तारेचा रोध फक्त 0.05 ओहम धरा. 2000 गुणिले 0.05, म्हणजे 100 व्होल्ट वाटेतच गळाले. आणि उष्णतेत गेले 2 लाख वॅट! हीच शक्ती 25,000 व्होल्टने द्या. करंट 120 अँपिअर, घट 6 व्होल्ट, नुकसान 720 वॅट. (एसीत पॉवर फॅक्टरही धरावा लागतो, पण चित्र बदलत नाही.) करंट सुमारे सतरापट कमी झाला, तर नुकसान पावणेतीनशेपट कमी झालं. हा त्या वर्गाचा प्रताप.

म्हणून डीसीत जाड तारा आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं लागतात. दुसरी गोष्ट सुरक्षेची. 1500 ला 2000 ने भागा: गाडीचा रोध पाऊण ओहम. दूर कुठे तार तुटून रुळावर पडली, तर मधल्या तारेसकट तो रोधही तसाच लहान असतो. मग सबस्टेशनने ओळखायचं कसं, ही सुटणारी लोकल की शॉर्ट-सर्किट? 25,000 व्होल्टवर तीच गाडी 208 ओहमची दिसते. दोष लगेच वेगळा उठून दिसतो.

भारतीय रेल्वेने 1957 मध्येच 25,000 व्होल्ट एसीचा मार्ग स्वीकारला होता. मुंबई मात्र जुन्या डीसीत अडकली. चालू लोकल थांबवून तारा बदलणार कोण? शेवटी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या आणि टप्प्याटप्प्याने, रात्रीच्या ब्लॉकमध्ये काम झालं. चर्चगेट-विरार फेब्रुवारी 2012 मध्ये पूर्ण झालं, मध्य रेल्वेची मुख्य लाइन जून 2015 मध्ये. हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली एप्रिल 2016 मध्ये. म्हणजे जिथे सुरुवात झाली, तिथेच शेवट.

फुकट काहीच मिळालं नाही. व्होल्टेज वाढलं की तार आणि पूल यांच्यात जास्त अंतर लागतं. कमी उंचीच्या जुन्या पुलांखाली ते नव्हतं, म्हणून कुठे पूल उचलावे लागले, कुठे रूळ खाली घ्यावे लागले. आणि माणसाचं काय? शरीराचा रोध काही बदललेला नाही. व्होल्टेज सतरापट झालं की शरीरातून जाणारा करंट निदान तेवढा वाढणारच, शिवाय 25,000 व्होल्टला स्पर्शाचीही गरज नसते, ठिणगी हवेतून झेप घेते. टपावर चढणाऱ्या पोरांचे जीव यातच गेले. तारेपासून 2 मीटर लांब राहा, असं रेल्वे सांगते ते उगाच नाही.

म्हणून इतिहास वाचताना कोण चुकलं एवढंच विचारू नये. त्या वेळी हातात कुठलं यंत्र होतं आणि भार किती होता, हेही विचारावं. उद्या पंधरा डब्यांची लोकल फलाटावर आली, की वरच्या तारेकडे एकदा बघा. डीसीच्या काळापेक्षा ती ओझं जास्त वाहतेय.