पूर्वसूरींचे ऋण

अहोरात्र खपून एखादा सिद्धांत मांडावा आणि तो दुसऱ्याने आधीच छापलेला आढळावा, हा प्रसंग कोणाही अभ्यासकास जड जातो. प्रत्यक्ष आइन्स्टाइन यांसही तो चुकला नाही. बर्नच्या पेटंट कचेरीतील नोकरीच्या आरंभकाळी, १९०२ ते १९०४ मध्ये, त्यांनी उष्णतेचे नियम असंख्य रेणूंच्या गतीवरून सिद्ध करणारे तीन निबंध प्रसिद्ध केले. परंतु अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक गिब्ज यांचा याच विषयावरील ग्रंथ १९०२ मध्येच निघाला होता. आइन्स्टाइन यांस त्याची वार्ताही नव्हती. तो ठाऊक असता तर आपण ते निबंध छापलेच नसते, थोड्याच मुद्द्यांचा विचार केला असता, असे त्यांनी १९११ मध्ये छापील लेखातच मोकळेपणी मान्य केले.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. त्याच व्यासंगातून १९०५ चा ब्राउनीय गतीवरील निबंध जन्मास आला. पुढे पेरँ यांच्या प्रयोगांनी त्याची प्रचीती दिली आणि रेणूंच्या अस्तित्वाविषयीचा संशय फिटला.

आपल्या घरांतील संशोधक मुलामुलींस आमचे सांगणे एवढेच की, पूर्वसूरींचे ग्रंथ आधी धुंडाळावेत. तरीही कोणी पुढे गेलेला आढळल्यास खचू नये आणि त्याचे ऋण लपवू नये.