माठापासून सौर कूलरपर्यंत : कोल्हापूरच्या गारव्याचा इतिहास

पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एका लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. विजेचे पंखे येण्याआधी कोल्हापूरचे उन्हाळे या एका गुणधर्माच्या आधाराने निभावले गेले आणि आजचा सौर कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. साधने बदलत गेली, अट मात्र एकच राहिली : हवा कोरडी असेल तेव्हाच पाणी गारवा देते.

कोल्हापूर सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर वसले आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी पारा ३७-३८ अंशांपर्यंत चढतो आणि हवा चांगलीच कोरडी होते. मे महिन्यात वळीव पडू लागला की दमटपणा वाढतो. जूनपासून पावसाळाभर हवा सर्द असते. त्यामुळे पाण्याच्या गारव्याचा इथला खरा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. विदर्भात ४५ अंशांच्या आसपासचे कोरडे ऊन असते, म्हणून नागपुरात कूलर घरोघरी दिसतो. कोल्हापुरात त्याची गरजही कमी आणि दिवसही थोडे.

या हंगामाचे सर्वांत जुने साधन म्हणजे माठ. कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतो. भट्टीत लिदीतले गवताचे तंतू जळून जातात आणि भांड्याच्या अंगात बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी बाहेर झिरपते, वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते. पाझरच नसलेला माठ पाणी गार करत नाही. फार पाझरणारा लवकर रिकामा होतो. कुंभाराचे कसब या दोहोंच्या मधला मेळ साधण्यात आहे. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, म्हणून दर उन्हाळ्यात नवा माठ घेण्याची पद्धत पडली. सण आणि रिवाजही याच दिवसांशी जोडलेले आहेत. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला डोंगर चढणाऱ्या भाविकांसाठी पाणपोया लागतात आणि अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घटाचे, म्हणजे उदककुंभाचे दान दिले जाते.

पिण्याच्या पाण्यासाठी जे माठाने केले, ते खोलीसाठी वाळ्याने केले. वाळा या गवताच्या सुगंधी मुळ्यांचे पडदे दारा-खिडक्यांत टांगून त्यांवर पाणी शिंपडले की बाहेरची झळ आत येईपर्यंत थंड होते. अकबराच्या काळातील ‘आइन-इ-अकबरी’त वाळ्याच्या अशा ताट्यांचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यांना हाताने फिरवायचा पंखा जोडला. लाकडी पेटीच्या या यंत्राला ते ‘थर्मँटिडोट’ म्हणत. आजच्या कूलरची मांडणी त्यात जवळजवळ पूर्ण होती. पडद्यावर सतत पाणी मारायला आणि पंखा फिरवायला माणसे मात्र लागत, म्हणून हे सुख ऐपतदारांपुरतेच राहिले. साध्या घरात जाड भिंती, कौलारू छप्पर आणि अंगणातला सडा यांवर भागत असे.

याच तत्त्वाचा दुसरा वापर कोल्हापूर परिसराच्या उद्योगात दिसतो. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. त्याच वर्षी अमेरिकेत विलिस कॅरिअरला पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन तुटतो. विणकामाच्या शेडमध्ये साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता चांगली मानतात. म्हणून मोठ्या गिरण्यांत हवा मुद्दाम ओलसर करण्याची यंत्रणा बसवली जाते. घरात नकोसा वाटणारा ओलावा मागावर हवाहवासा ठरतो.

विजेचा पंखा आणि छोटा पंप आल्यावर हाताचे काम संपले. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी टाकी असा कूलर रूढ झाला. पुढे प्लास्टिकचे सांगाडे आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदी पॅड आली. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर सुमारे २५ अंशांची हवा देऊ शकतो. पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना जेमतेम दीड-दोन अंशांचा फरक पडतो आणि खोली कोंदट होते. कूलरला मागून ताजी हवा आणि खोलीतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. खोली बंद केली की ओलावा साठतो आणि गारवा संपतो.

सौर ऊर्जेशी कूलरचे चांगले जमते, कारण त्याला वीज थोडी लागते. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास वीज घेतो. घरगुती कूलरला शंभर-दोनशे वॉट पुरतात. ऊन कडक असते तेव्हाच पॅनेल वीज देते आणि कूलरही तेव्हाच हवा असतो. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते, तर १५० वॉटचा कूलर दहा तासांत दीड युनिट घेतो. एप्रिलमध्ये पॅनेल तापून साठ अंशांपर्यंत गेले की त्याची क्षमता दहा टक्क्यांहून अधिक घटते, तरी हिशेब बिघडत नाही.

तो बिघडतो रात्री. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरली, तर तोच कूलर सहा तास चालतो. काही वर्षांनी ती बदलण्याचा खर्च येतो तो वेगळाच. वर्षातले जेमतेम तीन महिने चालणाऱ्या कूलरसाठी स्वतंत्र पॅनेल-बॅटरी घेतली, तर उरलेले नऊ महिने ते भांडवल पडून राहते. छतावरच्या पॅनेलची वीज ग्रीडला जोडणे म्हणूनच शहाणपणाचे : दिवसा जादा वीज बाहेर जाते, रात्री परत घेता येते आणि बाकीचे महिने घराला उपयोग होतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांचे केंद्रीय अनुदान ठरले.

पॅनेलने वीजबिल वाचते, पाण्याचा खर्च मात्र कायम राहतो. कडक उन्हात कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी पितो. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर क्षारांचा थर बसतो, म्हणून टाकीतले पाणी अधूनमधून काढून टाकावे लागते. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो; त्याची अंडी आठवडा-दहा दिवसांत पूर्ण डास होतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासणे आवश्यक आहे.

म्हणून कोल्हापुरात सौर कूलर हा एसीला बारमाही पर्याय ठरत नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी दुकाने, वर्ग, कार्यशाळा आणि घरे स्वस्तात थंड ठेवण्याचे ते चोख साधन आहे. वळीव सुरू झाला की ते धुऊन-पुसून ठेवावे आणि पंख्यावर भागवावे.