मिरची मूळची कुठली?

हिवाळ्यात नंदुरबार परिसरात लाल मिरचीच्या पथाऱ्या दिसतात. शेतातून आलेली ओली लाल मिरची उघड्यावर पसरून वाळवली जाते आणि मैदानेच्या मैदाने लाल होतात. परसातही मिरचीची दोन-चार झाडे असतातच. मिरची इथे पूर्वापार असणार, असेच आपल्याला वाटते.

पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली ‘आईन-ए-अकबरी’ पाहा. तीत नंदुरबार सरकारची, म्हणजे त्या काळच्या जिल्ह्याची, नोंद आहे. शाही मुदपाकखान्यातील पदार्थांचे साहित्यही दिले आहे. त्यात मिरी आहे, आले आहे, मिरची नाही.

अर्थात, एका ग्रंथात नाही म्हणून देशातच नव्हती, असे म्हणता येत नाही. दुसरा पुरावा हवा. तो जमिनीतून मिळाला. इक्वेडोरमध्ये सुमारे ६००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत मिरचीचे पिष्टकण (स्टार्चचे कण) सापडले. मिरचीच्या रानटी जातीही अमेरिका खंडातच आढळतात. कोलंबसाच्या पहिल्या सफरीनंतर (१४९२-९३) ती स्पेनमध्ये आली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली.

युरोपात ती आधी बागेतच रुजली. सेव्हिलचे वैद्य मोनार्देस यांनी त्याच शतकात नोंदवले आहे, की फळे देखणी म्हणून स्पेनमधील बागांत आणि कुंड्यांत लोक ती हौसेने लावतात. तिचा प्रसार सोपाही होता. बी वाळवून दूर नेता येते, फूल स्वतःच्या परागकणांनी फळते आणि काही महिन्यांत मिरच्या लागतात. एका फळातून नवी बाग उभी राहू शकते!

गंमत नावाची आहे. कोलंबस मिरीच्या शोधात होता. त्यामुळे या तिखट फळालाही युरोपात मिरीचेच नाव चिकटले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्स यांनी १५४२ साली तिला चक्क ‘कालिकतची मिरी’ म्हटले. आपणही ‘मिरी’वरूनच ‘मिरची’ केली. प्रत्यक्षात मिरीचा वेल वेगळ्या कुळातला. मिरची मात्र वांगे, बटाटा, टोमॅटो यांच्या कुळातली.

म्हणूनच आल्फाँस द कांदोल यांनी १८८२ साली पिकांची मूळस्थाने शोधताना वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास आणि भाषा हे चारही पुरावे एकमेकांशी ताडून पाहिले. एकटे नाव फसवू शकते, एकटा ग्रंथही अपुरा पडतो.

हा शोध वर्गातही घेता येईल. विद्यार्थ्यांकडून परसबागेतील झाडांची यादी करून घ्यावी. प्रत्येक झाड ‘आपले’ की ‘बाहेरचे’, हे आधी अंदाजाने लिहायला सांगावे आणि मग विचारावे, “हे कशावरून?” सुरुवात सीताफळापासून करावी. नावात सीता आहे; वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याचे मूळ उष्ण कटिबंधीय अमेरिकेत मानतात. नेमके उत्तर मिळण्यापेक्षा मुलांना पुरावा मागायची सवय लागणे अधिक मोलाचे.