गिरणगावातली बाळागोळी

१९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडे एक चौकशी सोपवली. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाची अवस्था काय आहे, हे त्यांनी पाहायचे होते. त्यांच्या अहवालातला एक आकडा पुढे देशोदेशीच्या अफूविरोधी लिखाणात फिरत राहिला: या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती. ती बहुतेक बाळागोळीच्या रूपात पोटात जाई. अफूबरोबर जायफळ, केशर अशी औषधी समजली जाणारी द्रव्ये खलून वळलेली ही इवलीशी गोळी मुंबईत आणि आसपासच्या मुलखात सर्रास विकली जात असे. या प्रथेबद्दल आजवर बहुतेकांनी एकच कारण पुढे केले, आयांचा अडाणीपणा. मला हे कारण पटत नाही. पुरावा नीट पाहिला, तर बाळागोळीमागे आईच्या अज्ञानापेक्षा गिरणीच्या भोंग्याचा हात मोठा दिसतो. आणि गुंगीच्या औषधांचा गैरवापर आपण आजही ज्या पद्धतीने समजून घेतो, त्यातली चूक इथे उघडी पडते.

आधी गोळीचे काम पाहू. गोळी आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळायची आणि बोटाने बाळाच्या जिभेला लावायची. थोड्या वेळात रडे थांबते, हातपाय सैलावतात, डोळे मिटतात. अफूतले मॉर्फिन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करते आणि आतड्यांची हालचाल रोखते. तान्ह्या मुलाचे यकृत आणि मूत्रपिंड ते मोठ्या माणसाच्या वेगाने शरीराबाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून अंगात उरलेल्या अमलावर पुढची गोळी चढते. मात्रा चुकली तर श्वासच थांबतो. पण त्याहून जास्त नुकसान चुपचाप होत असे. गुंगीतल्या मुलाला भूक कळत नाही, ते दूध मागत नाही, आणि मागत नाही म्हणून त्याला पाजले जात नाही. रोज आठ-दहा तास असे पडून राहिलेले मूल वाळत जाते आणि पहिल्या साथीत हाती लागत नाही. मृत्यूच्या नोंदीत मग हगवण लिहिली जाते, अशक्तपणा लिहिला जातो. अफू लिहिली जात नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की बाळांना अफू देणे गिरण्यांच्या कितीतरी आधीचे आहे. ते खरे आहे. गुजरात, राजपुताना, माळवा आणि आपल्या खानदेश-दख्खनच्या खेड्यांत पोट बिघडले, खोकला झाला, दात येताना ताप आला, की कणभर अफू देण्याची चाल जुनी होती. १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल ऑपियम कमिशनपुढे तिच्याबद्दल साक्षी झाल्या आणि १८९५च्या निष्कर्षात कमिशनने एकूण अफूसेवनाला फारसे घातक मानलेच नाही. हेन्री विल्सन या सभासदाने तेवढा विरोध नोंदवला. शिवाय हगवणीवर अफू खरोखर गुणकारी होती, आणि दुसरे हुकमी औषध हाताशी नव्हते. म्हणजे घरातली म्हातारी अफू उगाळत होती ती वैद्यांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुतीला धरूनच. पण खेड्यातली ही मात्रा दुखण्याला बांधलेली होती. पोट थांबले की तीही थांबे. गिरणगावात ती पाळीला बांधली गेली. मूल आजारी असो वा ठणठणीत, आई कामावर निघाली की गोळी. औषध तेच होते, गोळीही तीच. औषधाचा गैरवापर सुरू झाला तो या फरकाच्या जागी.

पाळी म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. १९२२च्या कायद्यातही दिवसाची मर्यादा ११ तास आणि आठवड्याची ६० तास होती. त्यात परळ-लालबागच्या चाळीतून गिरणीपर्यंतची पायपीट धरलेली नाही, पहाटेचा स्वयंपाक आणि नळाची रांग धरलेली नाही. वायंडिंग आणि रिलिंग खात्यांत मुख्यतः बायका होत्या, आणि खाडा झाला की नायकिणीची, म्हणजे खात्यातल्या मुकादम बाईची, मर्जी सांभाळावी लागे. मूल कोणाकडे ठेवायचे? गावाकडे सासू, नणंद, जाऊ असे. इथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे. शेजारची म्हातारी चार पैसे घेऊन मुले सांभाळी, नाहीतर सात-आठ वर्षांची थोरली बहीण. काही जणी मूल गिरणीतच घेऊन येत आणि धडधडणाऱ्या यंत्रांजवळ निजवत. अशा ठिकाणी जागे, रांगते मूल म्हणजे जिवाला धोका. त्या आईने केलेला हिशेब निर्बुद्ध नव्हता, क्रूर तर नव्हताच. तिच्यापुढे उरलेल्या वाटांपैकी तिला सर्वांत सुरक्षित वाटलेली वाट ती होती.

शेकडा ९८ हा आकडा मात्र मी डोळे मिटून स्वीकारणार नाही. तो ज्या रूपात उद्धृत होत आला, त्यात एकदोनदा गोळी घेतलेले मूल आणि रोज गोळी घेणारे मूल यांत फरक नाही. तशीच सावधगिरी बालमृत्यूच्या आकड्याबाबत हवी. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे ६६६ अर्भके दगावल्याची नोंद आहे. पण पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मृत्यू इकडे, त्यामुळे प्रमाण फुगते. हे सगळे वजा केले तरी जे उरते ते भयंकरच आहे, आणि त्याला दुसऱ्या बाजूने दुजोराही मिळतो. राष्ट्रसंघाने औषधी गरजेसाठी दर १०,००० लोकांमागे वर्षाला ६ शेर अफू पुरेशी मानली होती. १९२०च्या दशकात सी. एफ. अँड्र्यूज यांच्यासारख्या अफूविरोधी लेखकांनी जे आकडे लोकांपुढे ठेवले, त्यांत मुंबईचा खप होता ४३ शेर, अहमदाबादचा ४२, सोलापूरचा ३५. ही तिन्ही कापडगिरण्यांची शहरे. खपातला मोठा भाग प्रौढांचा होता हे उघड आहे. पण बाळागोळीसाठी लागणारी अफू याच दुकानांतून येत होती.

आणि ती दुकाने परवान्याची होती. १८७८च्या अफू कायद्याखाली सरकार परवाने देई, त्यांचा महसूल सरकारी तिजोरीत जमा होई. त्याआधी कित्येक दशके माळव्याची अफू इंदूर-उज्जैनकडून मुंबई बंदरात येऊन चीनला रवाना होत होती. शहरातल्या अनेक मोठ्या व्यापारी घराण्यांची भरभराट तिच्यावर झाली. ज्या राज्याने विकली आणि ज्या शहराने तिच्यावर पैसा केला, त्यांनी दोष तेवढा बोटाने गोळी चाटवणाऱ्या बाईवर ठेवावा, हे मला आजही संतापजनक वाटते. अडाणीपणाचे कारण तर मँचेस्टरपुढे साफ कोसळते. तिथल्या कामगार वस्त्यांत अफूयुक्त ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ मुलांना पाजले जाई. एंगल्सने १८४५च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली, पुढे मार्क्सनेही ‘कॅपिटल’मध्ये कारखान्यांच्या जिल्ह्यांतल्या अफूबद्दल लिहिले. धर्म निराळा, चालीरीती निराळ्या. समान काय होते, तर तान्हे मूल मागे ठेवून यंत्रावर जाणारी आई.

मग ही प्रथा थांबली कशाने? बंदीने, असे कोणी म्हणेल. १९३०चा डेंजरस ड्रग्ज अॅक्ट, स्वातंत्र्यानंतरची दारूबंदी आणि अफूच्या विक्रीवरचे निर्बंध यांचा वाटा मी नाकारत नाही. वस्तू दुर्मीळ झाली की वापर घटतो. पण बंदी मूल सांभाळत नाही. त्या दिशेने पहिले पाऊल १९२९च्या मुंबई मातृत्व लाभ कायद्याने टाकले. त्याच्या विधेयकावर १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा भार बाईने एकटीने उचलू नये, अशी भूमिका घेतली होती. तरी हा लाभ मोजक्या आठवड्यांचा. भोंगा पुन्हा वाजला की प्रश्न पुन्हा उभा. १९३४च्या फॅक्टरी कायद्याने ५०हून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत पाळणाघराची सक्ती करण्याचा अधिकार प्रांतांना दिला आणि १९४८च्या कायद्याने ती सक्ती देशभर केली. यापुढची गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी नाही. याच वर्षांत गिरण्यांतल्या बायकाच कमी होत गेल्या. १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई होती; १९७०च्या दशकापर्यंत हे प्रमाण नगण्य झाले. बायकांमागे येणारा खर्च नको, म्हणूनही मालकांनी त्यांना वगळले. बाळागोळी मागे पडली त्यात पाळणाघराचे श्रेय थोडे आहे, आणि आईची नोकरी गेल्याचा भागही आहे.

आज अफूच्या जागी दुसरी औषधे आहेत. सर्दीच्या सिरपने मूल शांत झोपते, हे पाळणाघरांपासून लांबच्या प्रवासापर्यंत अनेकांना ठाऊक आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांना डिसेंबर २०२३ मध्ये काढावा लागला. मोठ्यांच्या बाबतीत, २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १.१८ कोटी लोक वैद्यकीय कारणाशिवाय गुंगीची औषधे घेत होते. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१मध्ये टाकून औषध दुकानदाराला नोंदवही ठेवायला लावली, ते योग्यच झाले. पण नोंदवहीत गोळी कोणी घेतली तेवढेच उतरते. त्याची पाळी किती तासांची आहे, रात्रीची झोप कोणत्या कामाने खाल्ली, घरातल्या आजाऱ्याजवळ किंवा लहान मुलाजवळ दुसरे कोण आहे, हे विचारणारा रकाना तिच्यात नाही. डॉ. बार्न्स यांची चौकशी बाईच्या कामापासून सुरू झाली आणि मग अफूपाशी पोहोचली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आहे, पण ऊसतोडीला कोयता घेऊन निघालेल्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत ती तरतूद पोहोचत नाही. व्यसनमुक्तीच्या सरकारी योजना आखताना त्या बाईचे मूल दिवसभर कोणाजवळ असते, हा प्रश्न औषध निरीक्षकाच्या तपासणीइतकाच आधी विचारला गेला पाहिजे.